फिलिपिनो शब्दांवर चिन्हं द्यायची का : सगळ्यांवर, काहींवर, की कुठेच नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देते आहे ते कळेल. तुम्ही फिलिपिन्समधल्या दावाओ शहरात वैद्यकीय शिक्षण घेताय. मागून येणाऱ्या मराठी मुलांसाठी चारेकशे फिलिपिनो शब्दांची मराठी अर्थांसह यादी करताय. शब्दकोशात स्वरांच्या डोक्यावर तीन प्रकारच्या रेघा दिसतात, वर्तमानपत्रात एकही दिसत नाही, आणि तिथले मित्र म्हणतात, ‘आम्ही कधीच देत नाही, तुम्हीही देऊ नका.’ मग यादीत चिन्हं द्यायची की नाहीत? आणि ज्याला ग्लॉटल स्टॉप म्हणतात तो लिहायचा तरी कुठे?

मी बरीच वर्षं मराठी आणि हिंदी बोलणाऱ्यांना फिलिपिनो शिकवते आणि अशा याद्या तपासते. माझं मत आधीच सांगते : शब्दांच्या यादीत प्रत्येक शब्दावर चिन्ह हवं, त्याच यादीतल्या उदाहरणवाक्यांत एकही नको. हे दोन टोकांचं वाटेल, पण त्यामागे कारण आहे. त्यासाठी चिन्हं काय सांगतात ते आधी पाहू.

इथे मी फिलिपिनो शब्द देवनागरीत लिहिते आहे, म्हणून एक सोय ठरवून घेऊ. शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर असेल तर ते अक्षर मी दीर्घ लिहीन, जोर शेवटच्या अक्षरावर असेल तर आधीची अक्षरं ऱ्हस्व लिहीन. शेवटी गळ्यातला थांबा, म्हणजे तो ग्लॉटल स्टॉप, असेल तर ’ ही खूण देईन. म्हणजे ‘बाका’ म्हणजे गाय, आणि जोर पुढे सरकला की ‘बका’ म्हणजे कदाचित. (ऱ्हस्व जागी आपला ‘घर’मधला अ नको, आखूड आ म्हणा.) ही सोय मी मुद्दाम केली आहे, कारण टागालोगमध्ये (फिलिपिनो याच भाषेवर उभी आहे) आघात पडलेलं उघडं अक्षर, शब्दाचं शेवटचं नसेल तर, खरोखरच लांबतं. ऱ्हस्व-दीर्घ पाळण्याची सवय असलेल्या मराठी डोळ्याला हा फरक रोमन लिपीपेक्षा देवनागरीत चटकन दिसतो. तुमच्या यादीतही उच्चारासाठी असा एक देवनागरी रकाना ठेवा.

आता गळ्यातला थांबा. आपल्याकडे तो अक्षर म्हणून नाही, पण तोंडात आहे. तोंड न उघडता नकार देताना आपण ‘अं’अं’ करतो, तेव्हा दोन अं-च्या मध्ये श्वास क्षणभर अडतो, तोच हा. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत त्याला बिंदू नसलेल्या प्रश्नचिन्हासारखी खूण आहे. फिलिपिनोत तो पूर्ण व्यंजन आहे, क किंवा त इतकाच. ‘बाता’ म्हणजे घरात घालायचा झगा, ‘बाता’’ म्हणजे लहान मूल. आपला कान इथे फसतो. शेवटचा थांबा आपल्याला व्यंजन म्हणून ऐकूच येत नाही, नुसता स्वर तुटल्यासारखा वाटतो. त्यात अंत्य इकार-उकार दीर्घ लिहायची आपली सवय. त्यामुळे मराठी विद्यार्थी जवळजवळ प्रत्येक फिलिपिनो शब्दाचा शेवट लांबवतो, आणि थांबा नेमका तिथेच पुसला जातो.

आघात आणि थांबा एकत्र केले की चार प्रकार होतात. त्यांची नावंच त्यांची उदाहरणं आहेत, म्हणून मी ती पहिल्याच तासाला पाठ करून घेते. ‘मलूमाय’ : जोर शेवटून दुसऱ्यावर, थांबा नाही. ‘मलूमी’’ : जोर तिथेच, पण शेवटी थांबा. ‘मबिलीस’ : जोर शेवटच्यावर, थांबा नाही. ‘मरग्सा’’ : जोर शेवटच्यावर आणि थांबाही. पहिल्याला कोणतंच चिन्ह नाही. दुसऱ्याला शेवटच्या स्वरावर डावीकडून उजवीकडे उतरती रेघ, तिला ‘पईवा’’ म्हणतात. तिसऱ्याला उजवीकडे चढती रेघ, ‘पहिलीस’. चौथ्याला दोन्ही रेघा जोडून झालेलं कौलारू छपरासारखं चिन्ह, ‘पकुप्या’’. कुप्या म्हणजे शिरस्त्राण. या चिन्हांना मिळून ‘तुल्दीक’ म्हणतात. ही चौकट १९४० च्या सुमारास लोपे के. सांतोस यांच्या व्याकरणाने शाळांत रूढ केली. रेघा स्पॅनिश लिखाणातून ओळखीच्या होत्या, पण त्यांना दिलेलं काम या भाषेचं आहे. स्पॅनिशमध्ये गळ्यातला थांबा दाखवायची गरजच नाही.

या चौकटीतून एक सोपा नियम आपोआप निघतो आणि तो निम्मा गोंधळ मिटवतो. उतरती रेघ आणि छप्पर या दोन खुणा फक्त शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर, आणि तेही स्वर असेल तरच येतात. म्हणून व्यंजनाने संपणारा शब्द फक्त दोनच प्रकारचा असू शकतो : खूण नसलेला किंवा चढती रेघ असलेला. तुमच्या यादीत व्यंजनान्त शब्दावर छप्पर दिसलं तर ती चूक आहे, शब्दकोश उघडायचीही गरज नाही. चढती रेघ मात्र कधीकधी शब्दाच्या आत, आधीच्या अक्षरावरही येते. शाळेला ‘पा’अरलान’ म्हणतात, त्यात पहिलं अक्षर लांब आणि शेवटचं जोराचं, म्हणून शब्दकोशात त्या शब्दावर दोन चढत्या रेघा दिसतात.

आणखी एक आडाखा आहे. शेवटून दुसरं अक्षर व्यंजनाने बंद होत असेल, तर अस्सल टागालोग शब्दांत जोर बहुतेक वेळा शेवटच्यावर जातो. डोंगराला ‘बुन्दोक’ म्हणतात, त्यात जोर ‘दोक’वर. अपवाद आहेत, ‘मिन्सान’ म्हणजे कधीतरी आणि ‘पिन्सान’ म्हणजे चुलत-मावस भावंडं. दोन्हींत जोर पहिल्यावर. (माझी देवनागरी सोय इथे अपुरी पडते, हे लक्षात ठेवा. बंद अक्षर लांबत नाही, नुसता जोर पडतो.) स्पॅनिशमधून आलेले शब्दही हा आडाखा पाळत नाहीत.

शेवटचा थांबा सोडून बाकीचे थांबे लेखनात कुठे दिसतात? तीन जागा आहेत. शब्द स्वराने सुरू झाला तर आधी थांबा असतोच, तो कुणीच लिहीत नाही. दोन स्वर शेजारी आले तर मध्ये थांबा असतो, तोही वेगळा लिहीत नाहीत, कारण शेजारी-शेजारी लिहिलेले दोन स्वर हीच त्याची खूण आहे. ‘कुठे’ला ‘सा’आन’, ‘हो’ला ‘ओ’ओ’. जिथे थांबा नाही, स्वर एकमेकांत सरकतात, तिथे मध्ये य किंवा व लिहितात. चंद्र आणि महिना या दोन्हींना ‘बुवान’ म्हणतात, तसं. तिसरी जागा व्यंजनानंतरची, आणि तिथे मात्र जोडरेघ लिहावीच लागते. तिला ‘गितलींग’ म्हणतात आणि ती वर्तमानपत्रसुद्धा सोडत नाही. तुमच्या अभ्यासातलंच उदाहरण घ्या : ‘मग-अलीस’ म्हणजे काढणं, दूर करणं. जोडरेघ गाळली तर ‘मगलीस’ होतं, म्हणजे अंगभर खरूज झालेला. तसंच ‘नग-इसा’ म्हणजे एकत्र झाले, आणि ‘नगिसा’ म्हणजे तेलावर परतलं गेलं. म्हणजे ‘आम्ही चिन्हं देत नाही’ म्हणणारे तुमचे मित्र हा एक थांबा रोज लिहितात, फक्त त्याला चिन्ह समजत नाहीत. उलट बाजूही ध्यानात ठेवा : प्रत्येक जोडरेघ थांब्याची नसते. विशेषनामाआधी, आकड्याआधी आणि द्विरुक्तीतही ती येते.

आता मुख्य मुद्दा. तिथले लोक चिन्हं का देत नाहीत, आणि तरी त्यांचं अडत का नाही?

याचं उत्तर मराठी माणसाला परक्या भाषेत शोधावं लागत नाही. जुन्या मराठीत होडी ती ‘नाव’ आणि माणसाचं ते ‘नांव’ असं लिहीत. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोन्ही ‘नाव’ झाली. नदीकाठी नाव लागली आणि अर्जावर नाव लिहिलं, यात कुणी घोटाळा करत नाही. ‘जरा’चं तर त्याहून पुढचं. ‘जरा थांब’मधला ज वेगळा, ‘जरा आणि मरण’मधला वेगळा, आणि लेखनात तो फरक दाखवायची सोयच नाही. आपल्याला ती लागत नाही, कारण शब्द आधी कानातून आत आलेला असतो. पण मराठी शिकणाऱ्या कोरियन मुलीला ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च कुठे वेगळा होतो हे कागदावरून कधीच कळणार नाही. तुमच्या यादीतली मुलं त्या मुलीच्या जागी आहेत आणि फिलिपिनो मित्र आपल्या जागी. ते खरंच सांगतात, फक्त स्वतःपुरतं खरं.

म्हणून कोण वाचणार आहे यावर सगळं अवलंबून आहे. वाचणारा भाषा जाणत असेल तर चिन्ह फक्त तिथेच द्या, जिथे त्याचाही पाय अडखळेल. फिलिपिन्सच्या भाषा आयोगाने, म्हणजे कोमिस्योन सा विकांग फिलिपिनोने, २०१३ च्या राष्ट्रीय लेखनपद्धतीत तुल्दीकच्या वापराला पुन्हा प्रोत्साहन दिलं, आणि त्यातही एकाच लेखनाच्या दोन शब्दांत फरक दाखवण्याचं काम महत्त्वाचं मानलं. त्याच काळात एक नवं चिन्हही आलं, स्वरावर दोन टिंबं. ते टागालोगसाठी नाही. आपला ‘घर’मधला अ आहे ना, तसा स्वर तिथल्या काही इतर भाषांत आहे. मरानाव लोकांच्या नावातला पहिला स्वर तोच, आणि त्यावर ही टिंबं देतात. मराठी विद्यार्थ्यांना हा स्वर एका क्षणात जमतो, मनिलाच्या माणसाला तो घोकावा लागतो, हे मी वर्गात पाहिलं आहे.

यादीसाठी मात्र ‘अडखळेल तिथेच’ हा नियम चालत नाही, कारण शिकणारा कुठे अडखळेल हे त्यालाच माहीत नसतं. खूण नसलेला शब्द पाहिला की त्याला दोन शक्यता वाटतात : हा मलूमाय आहे म्हणून खूण नाही, की यादी करणाऱ्याने दिलीच नाही? सगळ्यांवर चिन्हं दिली तरच खूण नसणं हीसुद्धा माहिती ठरते. अर्धवट चिन्हांकित यादी अजिबात चिन्हं नसलेल्या यादीपेक्षा वाईट, असं मी म्हणते ते याचसाठी.

तुम्हाला उपयोगी पडतील अशा काही जोड्या. ‘बागा’ निखारा, ‘बागा’’ फुप्फुस. ‘सूका’ उलटी, ‘सूका’’ व्हिनेगर. ‘गाबी’ अळकुडी, ‘गबी’ रात्र. ‘ऊपो’ दुधी भोपळा, ‘उपो’’ बसणं. ‘आसो’ कुत्रा, ‘असो’ धूर. ‘बूकास’ उद्या, ‘बुकास’ उघडं. माझी आवडती त्रयी ‘तूबो’, ‘तुबो’, ‘तूबो’’ : पहिला नळ, जो स्पॅनिशमधून आला, दुसरा ऊस, आणि तिसरा वाढ, त्यावरून नफा आणि व्याजसुद्धा. आपल्याकडे धान्य वाढीदिढीने द्यायचे, त्याची आठवण मला या शब्दाशी नेहमी येते.

प्रामाणिकपणे सांगायचं तर यातल्या बऱ्याच जोड्या संदर्भानेच सुटतात. उलटी झाली याला ‘सुमूका’ म्हणतात, तिथे व्हिनेगरचा संशय कुणाला येणार नाही. खरी गरज लागते ती एका वेगळ्या गटात, जिथे दोन्ही शब्द एकाच विषयाचे असतात. या गटाला एक नियम आहे : जोर आधी असेल तर नाम, शेवटी सरकला की विशेषण. ‘गूतोम’ भूक, ‘गुतोम’ भुकेला. ‘पागोद’ थकवा, ‘पगोद’ थकलेला. ‘सीरा’’ बिघाड, ‘सिरा’’ बिघडलेलं. ‘लूतो’’ स्वयंपाक, ‘लुतो’’ शिजलेलं. आणि ‘बूहाय’ जीवन, ‘बुहाय’ जिवंत. नातेवाईक रुग्णालयाच्या दारात ‘बुहाय पा’ म्हणतात, म्हणजे अजून जिवंत आहे, तेव्हा जोर कुठे पडला हे तुम्हाला ऐकू आलंच पाहिजे. यादीत हा गट एकत्र, शेजारी-शेजारी ठेवा. वेगवेगळ्या पानांवर विखुरला तर नियम दिसत नाही.

आता यादीतल्या शब्दाला कोणतं चिन्ह हे ठरवायचं कसं? इथे मी स्वतः मोठी चूक केली होती, ती सांगते, कारण तुम्हीही त्याच वाटेवर आहात असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं. मी पहिली यादी लोकांच्या बोलण्यावरून केली. बाजारात, जीपनी नावाच्या तिथल्या प्रवासी गाडीत, घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात ऐकायचं आणि टिपायचं. तीनशे शब्द झाले आणि त्यांत शेवटी थांबा असलेले जेमतेम वीस. घरमालकीणबाईंना आम्ही सगळे नानाय, म्हणजे आई म्हणायचो. त्यांना मी यादी वाचून दाखवली तेव्हा त्या प्रत्येक तिसऱ्या शब्दाला मान हलवू लागल्या. शब्द एकटा म्हणायला सांगितला की त्यांच्या तोंडून थांबा स्पष्ट यायचा, तोच वाक्यात घातला की नाहीसा. मनिलाच्या बोलण्यात शेवटचा थांबा वाक्याच्या मध्ये पडला तर गळून जातो आणि त्याच्या बदल्यात स्वर किंचित लांबतो. ‘बाता’’ म्हणजे मूल, पण ‘ते अजून लहान आहे’ म्हणताना ऐकू येतं ‘बाता पा शा’. मी ऐकलं होतं तेच लिहिलं होतं, तरी सगळी यादी पुन्हा करावी लागली.

म्हणून पहिली कसोटी ही : बोलणाऱ्याला शब्द एकटा किंवा वाक्याच्या अगदी शेवटी म्हणायला सांगा. दुसरी कसोटी त्याहून भरवशाची आहे आणि तिला कानाची गरज नाही. क्रियापद करताना शेवटी ‘इन’ किंवा ‘आन’ लागतं. मूळ शब्द स्वराने संपत असेल आणि थांबा नसेल, तर मध्ये ह येतो. थांबा असेल तर ह येत नाही, कारण ती जागा थांब्याने आधीच घेतलेली असते. ‘बासा’ म्हणजे वाचन, त्याचं ‘बसाहिन’ म्हणजे वाचणे. ‘बसा’’ म्हणजे ओलं, त्याचं ‘बस’ईन’ म्हणजे भिजवणे. ‘सूका’चं ‘सुकाहान’, कशावर तरी उलटी करणं. ‘सूका’’चं ‘सुका’आन’, व्हिनेगर घालणं. उसाच्या शेताला ‘तुबुहान’ म्हणतात, त्यात ह आहे, म्हणजे उसाला थांबा नाही. हा ह चिन्ह नसलेल्या साध्या लेखनातही दिसतो. वर्तमानपत्रातून, औषधाच्या वेष्टनावरून, कुठूनही प्रत्यय लागलेलं रूप शोधा, थांबा आहे की नाही ते तिथेच कळतं. काही मोजके शब्द याला जुमानत नाहीत, पण माझ्या कामात ही कसोटी क्वचितच खोटी पडली आहे. तुमच्या यादीत शब्दापुढे हे एक रूप द्याच. चिन्ह छापताना उडालं तरी ह पाहून ते परत बसवता येईल.

जोडप्रत्ययाची एक गोष्ट इथेच सांगते, कारण यादी तपासताना ही चूक मला सर्रास दिसते. विशेषण आणि नाम जोडताना स्वरान्त शब्दाला अनुनासिक ‘ङ’ लागतो, आणि तो लागला की थांबा जातो. त्याबरोबर चिन्हही बदलतं : उतरती रेघ निघून जाते, छपराची चढती रेघ होते. ‘बाता’’चं ‘बातांग’ झालं की त्यावर काहीच नाही. ओल्याचिंबला सुंदर शब्द आहे, ‘बसांग-बसा’’. पहिल्या भागावर चढती रेघ, दुसऱ्यावर छप्पर. एकाच शब्दात दोन्ही रूपं शेजारी बसली आहेत. पाठ करायला मी हाच शब्द देते. नुसतं मागे दुसरा शब्द आल्यामुळे बोलण्यात थांबा गळत असेल, तर मी चिन्ह बदलत नाही, शब्दाचं मूळ चिन्ह तसंच ठेवते. ङ लागलेल्या रूपाची गोष्ट वेगळी, तिथे शब्दाचं शेवटचं अक्षरच बदललेलं असतं.

मराठी माणसाला एक खास धोका आहे, तो ओळखीच्या शब्दांचा. टागालोगमध्ये संस्कृतातून गेलेले कितीतरी शब्द आहेत. मुख, म्हणजे चेहरा, तिथे ‘मुक्हा’’. वार्ता तिथे ‘बलीता’’, बातमी या अर्थाने. गुरू ‘गूरो’’. आशा मात्र ‘आसा’, थांबा नाही, आणि तिचं रूप ‘पग-आसा’ जोडरेघेसह. साक्षी ‘सक्सी’, थांबा नाही, जोर शेवटी. मुखाला थांबा चिकटला आणि आशेला नाही, हे मूळ संस्कृतावरून कुणीही सांगू शकत नाही. शब्द ओळखीचा वाटला की विद्यार्थी चिन्ह अंदाजाने देतात, म्हणून असे शब्द मी उलट दोनदा तपासते. जाता जाता, देशाच्या हवामान संस्थेचं आद्याक्षरी नाव ‘पागासा’ असं जोडरेघेविना लिहितात, म्हणून आशा या शब्दाचं लेखन तिथून उचलू नका.

उदाहरणवाक्यं बिनचिन्हांची का, हे राहिलं. मुलं उद्या रुग्णाच्या कागदावर, फलकावर, फोनवरच्या संदेशात जे वाचणार ते बिनचिन्हांचंच असणार. यादीत शब्द चिन्हासह शिकायचा आणि लगेच त्याखाली तोच शब्द जगात दिसतो तसा वाचायचा. दोन्हींमधलं अंतर डोळ्यांनी तिथल्या तिथे पार करायची सवय लागली, तर वर्षभराने चिन्हांची गरज उरत नाही. वाक्यांतही चिन्हं दिली तर मुलं त्यांच्या आधाराने छान वाचतात आणि फलकासमोर उभी राहिली की अडतात. अपवाद एकच : वाक्याचा अर्थच दोन प्रकारे लागत असेल, तर त्या एका शब्दावर चिन्ह द्या. तुम्ही स्वतः फिलिपिनो माणसाला काही लिहून पाठवाल तेव्हाही हेच करा.

टंकलेखनाचं थोडक्यात. पाच स्वर आणि तीन चिन्हं, म्हणजे पंधरा अक्षरं. ही सगळी जुन्या पाश्चात्त्य संचातच तयार अक्षरं म्हणून आहेत, वेगळा फॉन्ट लागत नाही. फोनवर स्वराची कळ दाबून धरली की ती वर येतात. स्वर आणि चिन्ह वेगवेगळे टंकून जोडू नका, तयार अक्षरच वापरा. दिसायला दोन्ही सारखी असली तरी संगणकाला ती वेगळी असतात, आणि चारशे शब्दांच्या तक्त्यात शोध घेतला की निम्मे शब्द सापडत नाहीत. शोधण्यासाठी एक बिनचिन्हांचा रकाना वेगळा ठेवलात तर उत्तम, कारण मुलं फोनवर शोधताना चिन्ह टंकणार नाहीत. हाताने लिहिणाऱ्यांना सांगा, की इ-च्या रोमन अक्षरावर चिन्ह दिलं की त्याचा टिंब गाळायचा, नाहीतर छप्पर आहे की रेघ तेच कळत नाही.

शेवटी तुमच्या जागेविषयी, कारण वर सांगितलेलं सगळं मनिलाच्या टागालोगवर आधारलेलं आहे. दावाओत रुग्ण बहुधा बिसाया, ही तिकडची वेगळी भाषा, बोलेल. तिथेही आघात आणि थांबा यांनी अर्थ बदलतो, पण शब्दाशब्दाला तपशील वेगळा. मूळ शब्दाच्या आतला, मनिलात गळालेला व्यंजनानंतरचा थांबा तिथे जिवंत आहे : गोडाला मनिलात ‘मतमीस’, बिसायात ‘तम-इस’. जडाला ‘बुग-आत’. मनिलाच्या दक्षिणेकडच्या बातांगास प्रांतातल्या टागालोगमध्येही ‘मतम-इस’ ऐकू येतं, त्यामुळे एखाद्या टागालोग प्राध्यापकाने तसं म्हटलं तर ते बिसाया बोलतायत असं धरू नका, त्यांचं गाव विचारा. बिसायासाठी त्याच तक्त्यात वेगळा रकाना करा आणि तो टागालोगच्या चिन्हांवरून भरू नका, तिथल्या परिचारिकेला शब्द एकटा म्हणायला सांगून भरा. पहिले पन्नास शब्द झाले की सगळे रकाने एकदा मोठ्याने वाचून घ्या. ज्या शब्दाला दोन माणसं दोन प्रकारे म्हणतील, तिथे दोन्ही उच्चार लिहा आणि कोण कुठलं तेही.